बंदूक तिची, राखण माझी

बंदुकीला पण सातबारा लागतो. मला आधी वाटायचं, डुकरं ज्याला हाकायची त्याला बंदूक देत असतील. तसं नाय. ज्याचं शेत त्याला देतात. हाकणारा कोण हाय ते कुणी विचारत नाय.

मी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांची राखण केली. जव्हारवरून मोखाड्याला जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला आमचा पाडा हाय. भात, नागली, वरई, थोडा उडीद. माझ्या सासऱ्याला जमीन नव्हती, त्याच्या बापाला पण नव्हती. नवरा भात कापून झालं की भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचा. एका वर्षी तिकडंच तापानं गेला. मुकादमानं माणूस पाठवला तेव्हा मी उशिराच्या भाताच्या राखणीला माळ्यावर व्हती. खाली उतरली, चटई गुंडाळली, शेतवाल्याला सांगून आली आन् मंग गेली. शेत तसंच उघडं टाकून जाता येत नाय.

माळा म्हंजे शेतात चार खांब रोवून वर फांद्या टाकतात तो. त्याच्यावर बसायचं. दाणा भरायला लागला की दिवसा पोपट आन् माकडं येतात, अंधार पडला की डुकरं. हातात गोफण, बाजूला पत्र्याचा डबा, आन् आपला गळा. डुक्कर खातं कमी, लोळतं जास्त. कळप येऊन गेला तर सकाळी शेतात कुणी कुस्ती खेळून गेलंय असं दिसतं. डुकराला डोळा कमी, नाक जास्त. म्हणून राखणदारानं असं बसायचं की आपला वास वाऱ्यानं त्याच्याकडं जाईल. शिकारी उलटा बसतो. त्याला मारायचं असतं. मला नुसतं घालवायचं असतं.

एकदा माळा मोडला आन् माझा हात पण मोडला. बांबूच्या कांबी लावून बांधला. त्या वर्षी गोफण नाय फिरली, दुसऱ्या हातानं डबा वाजवला. शेत राखलं. मजुरीचं भात मिळालं.

आता काशीचं सांगते, कारण बंदूक तिची.

काशी आन् मी एकाच पाड्यातल्या, जामसरच्या अंगाला माहेर. लहानू म्हंजे काशीचा नवरा. त्याच्याकडची माणसं सोयरीक घेऊन आली ती आधी आमच्या घरी आली. माझा बा बोलला, पोर अजून लहान हाय. मंग ती उठून काशीच्या घरी गेली. काशी माझ्याहून लहान हाय. लहानूला जमीन व्हती, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. पुढल्या वर्षी मला पण त्याच पाड्यात दिली, ज्याला काय नाय त्याच्याकडं. म्हंजे रोज सकाळी पाण्याला जाताना मी तिचं घर बघायची. हे मी काय विसरली नाय.

तरी घर बघून मी गप ऱ्हायली. लहानूनं बंदूक आणली तेव्हा मातर माझ्या पोटात दुखायला लागलं.

पिकाच्या राखणीचा परवाना व्हता तो. अर्ज केला, सातबारा जोडला, पोलीस ठाण्याचा माणूस येऊन पाड्यात विचारून गेला की हा भांडखोर हाय का, कुठं केस हाय का. मंग जिल्ह्यावरून हुकूम आला. बंदूक ठासणीची, म्हंजे नळीत वरून दारू भरायची आन् गजानं ठासायची. बंदुकीच्या दारूला पण दारूच म्हणतात. लहानू दुसरी दारू प्यायला असला तर बंदुकीला हात लावायचा नाय, येवढा शहाणा व्हता.

परवाना म्हंजे छोटं पुस्तक. त्यात मालकाचा फोटो, बंदुकीचा नंबर, दारू किती ठेवायची, आन् बंदूक कुठं फिरवायची ते. शहरातल्या लोकांना वाटतं परवाना मिळाला की बंदूक खांद्याला लावून कुठंपण जा. लहानूची बंदूक शेतात आन् घरात. लग्नात नाय, जत्रेत नाय, बाजारात नाय. निवडणूक लागली की ठाण्यात जमा. मुदत संपायच्या आधी परवाना नवा करून घ्यायचा. आन् डुक्कर मारायचं नाय, त्याला जंगल खात्याचा वेगळा हुकूम लागतो. बार काढायचा तो आवाजाला. येवढी सगळी खटपट करून शेवटी आवाजच. मी डबा वाजवायची तो पण आवाजच. डब्याला कुणी परवाना देत नाय.

लहानू संध्याकाळी बांधावर यायचा, एक बार काढायचा, घरी जाऊन झोपायचा. डुकरं दोन दिवस यायची नायत, मंग परत यायची. तेव्हा माळ्यावर मी. सकाळी सगळा पाडा बोलायचा, लहानूच्या बंदुकीनं शेत राखलं. काशी दारात बसून नळीला तेल लावायची, मी जाताना दिसली की जास्तच लावायची.

"काय गो रखमे, रातीला ऐकलास का आमचा बार?"

"ऐकला. डुकरांनी पण ऐकला. विचारत व्हती, परत कधी काढणार."

ती तोंड वाकडं करायची. मला तेवढंच बरं वाटायचं.

लहानू गेला तेव्हा मला वाटलं, गेली आता बंदूक. कारण नवरा मेला की जमीन बायकोच्या नावावर चढते, पण बंदूक चढत नाय. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. बंदूक ठाण्यात जमा करायला लागते आन् वारसानं नव्यानं अर्ज करायचा. काशीचा पोरगा वापीला कंपनीत, त्याला नको व्हती. मी मनात बोलली, झालं. पण काशीनं स्वतःच्या नावानं अर्ज केला.

ठाण्याचा माणूस परत चौकशीला आला. पाड्यात फिरला आन् माझ्याकडं पण आला. वही काढून बसला.

"मावशी, काशीबाईला ओळखता?"

"माझ्याहून जास्त कुणी नाय ओळखत."

"स्वभाव कसा हाय?"

"घमेंडी."

तो लिहायचा थांबला. "रागीट हाय का? मारामारी, धमकी असं काय?"

"तसं नाय. कुणाला वाकडं बोलत नाय. पण घमेंडी हाय, ते लिहा."

"घमेंडीला रकाना नाय मावशी."

परवाना मिळाला. काशीला जव्हारला जाऊन फोटो काढायला लागला, नवीन लुगडं नेसून. पाड्यात तिच्या आधी कुठल्या बाईचं असं पुस्तक निघालं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ते सगळ्यांना दाखवत फिरली. मला शेवटी दाखवलं. मी बोलली, फोटोत डोळा बारीक आलाय. घरी आली आन् मला जेवण गेलं नाय.

बंदुकीला मला हात लावू द्यायची नाय. लहानूसारखीच बांधावर यायची, बार काढायची, जायची. दव पडायला लागलं की माळ्यावर मीच भिजायची.

पण तोपर्यंत माझं दुसरं काम पण गेलं. कुणी तारेचं कुंपण केलं, कुणी रातभर ओरडणारा बॅटरीचा भोंगा आणला, कुणी शेतीच सोडली आन् ठाणे शहरात कामाला गेला. राखणदार कुणाला नको. शेवटी काशीचं एकच शेत माझ्या हातात ऱ्हायलं. तिच्याकडचं काम सुटलं तर मी काय करणार व्हती? ह्या वयात वीटभट्टीवर कुणी घेत नाय. म्हंजे जिच्यावर मी जळायची तिच्याच शेतावर माझं पोट.

एकदा रस्त्यावर मोठी गाडी थांबली. जव्हारचं शिरपामाळ, लोक फिरायला जातात ते, कुठं हाय विचारायला. जव्हार मागं सोडून पुढं आलती. मी माळ्यावर, काशी बांधावर बंदूक घेऊन उभी. गाडीतला माणूस खाली उतरला, गोरा, जाडा, काळा चश्मा. काशीला बोलला, आजी, बंदुकीसोबत फोटो काढू का? काशी लगेच पदर सारखा करून उभी ऱ्हायली. त्यानं हात वर करून फोन धरला तसा त्याचा शर्ट वर गेला. कमरेला छोटी बंदूक, चामड्याच्या म्यानात.

मी वरून विचारलं, "दादा, तुमच्या शेतात कुठलं जनावर येतं?"

तो हसला. "आमच्याकडं शेत नाय आजी. जमिनीचा धंदा हाय. माणसंच येतात."

"मंग परवाना कशाचा?"

"जिवाच्या धोक्याचा. माझा सगळ्या देशात चालतो."

"आन् शर्टाखाली का?"

"उघडी दिसली तर लोक घाबरतात ना."

तो फोटो काढून गेला. काशी त्याच्या गाडीकडं बघत व्हती, मी त्याच्या कमरेकडं. शेत नाय तरी बंदूक, सगळ्या देशात. आन् मी, जिचं सगळं आयुष्य जनावरांसमोर गेलं, मला काशीच्या बांधापुरती पण नाय. त्या दिवशी काशीवर जळायचं थोडं कमी केलं. दोघींनी मिळून त्याच्यावर जळलो.

मंग निवडणूक लागली. पोलीसपाटील सांगून गेला, ज्यांच्याकडं बंदुका त्यांनी मोखाड्याला ठाण्यात जमा करा. त्याच्या आधीच काशी बांधावरून घसरून पडलती. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमधे. ती रोज म्हणायची उद्या जाऊ, आन् उद्या पाय हलायचा नाय. शेवटचा दिवस आला, बाजाराचा दिवस व्हता, तेव्हा मला बोलावून घेतलं.

"रखमे, तूच ने गो. तुझ्याशिवाय कोण हाय मला?"

गरज पडली की अशी गोड बोलते.

"दे. आन् ते पुस्तक पण दे."

"पुस्तक कशाला?"

"विचारतील ना, कुणाची म्हणून."

"माझं नाव सांग. सगळं ठाणं ओळखतं मला."

"पुस्तक दे गो."

"पुस्तक नाय देणार. माझा फोटो हाय त्याच्यात. तू हरवशील."

"आन् बंदूक हरवली तर?"

"बंदूक मोठी हाय. सापडेल."

मी पण हट्टाला पेटली. परत मागितलं नाय. बंदूक उचलली. येवढ्या वर्षांत पहिल्यांदा हातात आली. जड व्हती, पण मोळीपेक्षा हलकी. मला वाटलं व्हतं जास्त जड असेल.

आता न्यायची कशी? आमच्यात कोयता घेऊन माणसांतून जायचं असेल तर धार झाकतात. पानं गुंडाळतात, नायतर लाकडात खुपसून नेतात. उघडी धार घेऊन चाललं तर भांडण मागितल्यासारखं दिसतं. लहानपणी ह्याच्यावरून आयेचा मार खाल्लाय. कोयत्याला येवढं, तर बंदुकीला किती? मी सरपणाची मोळी बांधली, मधे बंदूक घातली, नळीचं तोंड फडक्यानं बांधलं, वरून वेलीनं आवळलं. डोक्यावर घेऊन रस्त्यावर आली. मला वाटलं, मी चांगल्या रीतीनं नेते.

जीपवाल्यानं मोळी उचलून टपावर टाकली. "आजे, मोखाड्याला लाकडं संपली काय?"

"हळू टाक मुडद्या."

"लाकडंच हायत ना? काचा हायत काय आत?"

मी आत बसली. दर खड्ड्याला माझा जीव वरच्या टपावर.

मोखाड्यात उतरली तर बाजार भरलेला. मोळी डोक्यावर, आन् माणसांतून वाट काढत ठाण्याकडं चालली. भजीच्या गाडीवाला मुनीरभाई समोर आला. जव्हारचा, दर बाजाराला गाडी लावतो. त्याचं सरपण संपलेलं.

"मौसी, मोळी टाक इकडं."

"विकायची नाय."

"अरे, सूखी लकडी है, चांगला भाव देतो."

"नाय विकायची बोलली ना."

"मग बाजारात कशाला आणली? फिरवायला?"

बाजूची माणसं हसली. त्यानं वर हात करून मोळी धरली, मी सोडेना. तो तिकडं ओढतो, मी इकडं ओढते. वेल तुटली. लाकडं खाली पडली आन् बंदूक लाकडांवर पडली, फडकं सुटून नळी त्याच्या कढईकडं.

मुनीरभाई झारा घेऊन मागं सरकला. "या अल्ला! मौसी, मला नको तुझी लाकडं!"

सगळी माणसं एकदम लांब झाली. बाजारात बंदोबस्ताला पोलीस बाई व्हती. ती आली, आधी बंदूक उचलली, भरलेली नाय ना ते बघितलं, मंग माझा दंड धरला. जोरात नाय धरला. मी बोलली, "मी तुमच्याकडंच येत व्हती." ती बोलली, "सगळे तसंच बोलतात मावशी."

ठाण्यातले साहेब तरणे व्हते. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मंग विचारलं, "बंदूक लपवून का आणली?"

"लपवली नाय साहेब. झाकली."

"फरक काय?"

"लपवतात ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. झाकतात ते दुसरा घाबरू नये म्हणून."

साहेबानं पोलीस बाईकडं बघितलं. मंग मला समजावून सांगतलं, तेच मी इथं सांगते, कारण माझ्यासारखी चूक दुसऱ्यानं करू नये. बंदूक मालकाच्या हातातच कायद्याची. तीच बंदूक दुसऱ्याच्या हातात गेली, सोबत मालकाची चिठ्ठी नसली, तर ती चोरीच्या बंदुकीसारखीच. जमा करायला आणली तरी. रिकामी असली तरी. रिकामी करून, परवाना सोबत घेऊन, सरळ ठाण्यात आणायची. मोळीत घातली म्हंजे माणसाच्या मनात काय तरी हाय असं दिसतं.

"आता मालकीण काय सांगते त्याच्यावर हाय," साहेब बोलले. "ती बोलली मीच दिली, तर कागदाविना दिली म्हणून तिच्या परवान्यावर येऊ शकतं. ती बोलली मला ठाऊक नाय, तर तुम्ही उचलली. मग मला गुन्हा नोंदवायला लागेल."

पोलीसपाटलाला फोन लावला. मी बाकावर बसून ऱ्हायली. बाहेर बाजार चाललेला, मुनीरभाई अजून सगळ्यांना गोष्ट सांगत व्हता, त्याचा आवाज आत यायचा.

काशीला मी ओळखते. पुस्तक मला हातात दिलं नाय तिनं, ते माझ्यासाठी घालवणार काय? एक शब्द बोलायचा, ठाऊक नाय. पुस्तक वाचतं, बंदूक वाचते, आन् मी जाते आत. मी तिच्या जागी असती तर काय बोलली असती, ह्याचा मी जाम विचार केला. ठरलं नाय.

काशी आली ती जीपमधून, दोघांनी धरून आणलेली, प्लास्टरचा पाय पुढं काढून. पुस्तक पोलक्याच्या आत. आत आली, माझ्याकडं बघितलं पण नाय. आधी टेबलावरची बंदूक बघितली.

"ओल्या लाकडांत घातलीस? गंज धरला असता ना!"

"सुकी व्हती लाकडं. मुनीरभाईला विचार."

"बायांनो, गप बसा," साहेब बोलले. "काशीबाई, ही बंदूक ह्यांच्या हातात कशी आली?"

काशीनं पुस्तक पोलक्यातून काढलं, प्लास्टिक उलगडलं, फोटोवरून बोट फिरवलं. मी तिच्या बोटाकडं बघत व्हती. येवढा वेळ बोट फिरवायला फोटोत काय व्हतं ते तीच जाणे.

मंग बोलली, "मीच दिली."

"चिठ्ठी का नाय दिली?"

"मला लिहायला येत नाय. सही येते."

"ह्या तुमच्या कोण?"

काशीनं तेव्हा माझ्याकडं बघितलं. नात्यातली मी नाय. मैतरीण बोलायचं तर तिचं तोंड वळलं नसतं, माझं पण नाय. ती बोलली, "राखणीची हाय."

"राखणीची, तर परवान्यात नाव का नाय घातलं?"

"कुणाचं?"

"राखणदाराचं. मालकाच्या नावाखाली त्याच्या राखणीच्या माणसाचं नाव घालता येतं. अर्ज करायचा, चौकशी होते, पालघरवरून मंजुरी येते. मग त्या माणसाला पण बंदूक हातात घेता येते, पिकाच्या कामापुरती. तुमचा पाय बघता तुम्हाला कुणाचं तरी नाव घालायलाच लागेल. नायतर पिकाच्या राखणीला बंदूक कशाला ठेवायची?"

दोघींचे जबाब घेतले, दोघींना समज दिली, बंदूक जमा करून पावती दिली. पावती काशीच्या नावाची. पण माझे कान खालच्या नावावर अडकले. ज्याचं नाव त्याची बंदूक, आन् ज्याची बंदूक त्याची राखण. दुसऱ्या कुणाचं नाव लागलं तर माझं शेवटचं शेत पण गेलं.

परतीच्या जीपमधे मी विचारलं, "माझं नाव घालशील ना?"

"बघू. आमचा भाचा हाय, जव्हारला. त्याला बंदुकीचा शौक हाय."

"त्याला डुकराचा वास कुठून येतो ते ठाऊक हाय का?"

"बंदूक असली की वास कशाला पायजे?"

"मला सोडवायला आलीस कशाला मंग?"

"खोटं बोलायला जमलं नाय. तू काय समजलीस, तुझ्यासाठी?"

मी घरी आली, गोफण आन् डबा तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. बोलली, "नाव नाय, तर राखण नाय. भाच्याला बोलव." आन् निघून आली. मागं वळून बघितलं नाय, कारण बघितलं असतं तर डबा उचलला असता. घरात तांदूळ थोडेच व्हते.

भाचा आला. माळ्यावर फोन घेऊन बसला, दोन दिवस टिकला, मच्छर चावतात बोलून गेला. भात पिकायला आलेलं. डुकरं रोज यायला लागली. काशी ओट्यावर पाय पसरून माझाच डबा वाजवायची. घर लांब, आवाज शेतापर्यंत जायचा नाय. ओढ्याकडचा कोपरा सगळा लोळवला. मला माझ्या दारातून ते दिसायचं. त्या शेताचा दर बांध मी पायानं ओळखते. बघवत नव्हतं, तरी मी उठली नाय. मालकीण नाय मी, पण हट्ट माझा व्हता, तेवढा तरी माझ्या नावावर.

काशी काठी घेऊन, पाय ओढत माझ्या दारात आली. माझ्या लग्नानंतर ती माझ्या घरी पहिल्यांदा आली असेल. उंबऱ्यावर बसली, दम खात.

"चल अर्ज करायला."

"आन् नाव?"

"तुझंच. दुसरं कुणाचं घालू? चल, माळ्यावर चढ आधी. अर्ज उद्या करू."

"अर्ज आधी," मी बोलली. पण त्या संध्याकाळी माळ्यावर गेली. भात उभं व्हतं.

पालघरला दोन-तीन खेपा झाल्या. डॉक्टरनं डोळे तपासले, हात पुढं करायला लावले. "हात थरथरतो का आजी?" मी बोलली, "राग आला की थरथरतो." चौकशीला ठाण्याचा माणूस आला तो काशीलाच विचारायला लागला, माझा स्वभाव कसा. काशीनं काय सांगतलं ते मला आजपर्यंत बोलली नाय. मी विचारलं पण नाय.

नाव लागलं. काशीचं वर, माझं खाली, बारीक अक्षरात. फोटो तिचाच. बंदूक ठाण्यातून सुटून आली. आता संध्याकाळी मी तिच्या घरी जाते, बंदूक घेते, खांद्यावर उघडी लावून तिच्या दारासमोरून शेतावर जाते. हळू जाते. ती ओट्यावरून बघत असते. तिच्या पायानं बांध चढवत नाय, आन् बार तिला नुसता ऐकायचा ऱ्हायला. पण तोही ऐकायला मिळत नाय. कारण मी अजून एकपण बार काढलेला नाय. वारा बघून बसते, डबा वाजवते, गोफण फिरवते, डुकरं जातात. बंदूक बाजूला पडलेली असते. कधी कधी तिच्यावर हात ठेवते, तेवढंच.

काल सकाळी बंदूक परत द्यायला गेली तर काशीनं दारूची पुडी बघितली, जशीच्या तशी. तिला राग आला.

"एकदा पण काढला नाय बार. मंग नाव लावायचा येवढा हट्ट कशाला केलास गो?"

"तुझं व्हतं म्हणून," मी बोलली.

तिनं बंदूक माझ्या हातातून घेतली, नळी पदरानं पुसली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं, आन् चावी आपल्या कमरेला खोचली. मी बघत व्हती ते तिला ठाऊक व्हतं.